रविवारची मोठी भरती

माझं लग्न रविवारी होतं, आणि गुरुवारी दुपारी माझ्याच यंत्राने जाहीर केलं की त्या दिवशी समुद्रही येणार आहे. आमंत्रण नसताना, थेट जेवणाच्या वेळेला, कंबरेइतक्या पाण्यासकट.

यंत्राची ओळख आधी करून देते, कारण मला त्याचा फार अभिमान होता. अजूनही आहे, मधला एक शनिवार सोडला तर. आमच्या ऑफिसचं काम एका ओळीत सांगता येतं: समुद्र केव्हा, कुठे आणि किती वर चढेल हे लोकांना आधी सांगायचं. मी रुजू झाले तेव्हा हे काम भरती-ओहोटीचा तक्ता, वाऱ्याचा अंदाज आणि साहेबांचा उजवा गुडघा या तीन गोष्टींवर चालायचं. गुडघा ठणकला की साहेब इशारा द्यायचे. गंमत म्हणजे गुडघा निम्म्या वेळा बरोबर निघायचा. निम्म्या वेळा तर नाणंही बरोबर निघतं आणि नाण्याला मलम लागत नाही, असं मी एकदा बोलून गेले, तर साहेब आठवडाभर माझ्याशी चिठ्ठ्या पाठवून बोलत होते.

मग मी मॉडेल बांधलं. मशीन लर्निंग म्हटलं की लोक उगाच बिचकतात. ही शुद्ध घोकंपट्टी असते. किती वारा होता, लाटा केवढ्या होत्या, कॅमेऱ्यात काय दिसलं आणि त्या दिवशी कुठल्या गल्लीत पाणी शिरलं, अशी दहा वर्षांची उदाहरणं यंत्रापुढे पुन्हा पुन्हा ठेवायची. चुकलं की कान पिळायचा. असं करता करता एक दिवस ते न पाहिलेल्या दिवसाबद्दलही बरोबर बोलायला लागतं. मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गावाचा नकाशा उमटतो आणि घरागणिक रंग भरत जातो. हिरवा म्हणजे झोपा, पिवळा म्हणजे जागे राहा, तांबडा म्हणजे पळा. आम्ही त्याचं नाव काळजीवाहू ठेवलं, कारण दिवसरात्र काळजी वाहण्यापलीकडे त्याला दुसरा उद्योग नव्हता.

काळजीवाहूमध्ये एक गोष्ट मात्र खास माझ्या डोक्यातली होती. मागच्या वादळात पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या उपकरणांना पत्ता नव्हता, पण किनाऱ्यावरचे लोक कधीचे एकमेकांना मेसेज करत होते: पाणी आलं, ओटा बुडला, पोरांना वर घ्या. तेव्हाच मी ठरवलं की यंत्राने लोकांचं बोलणंही वाचायचं. गावातले सगळे उघडे ग्रुप, ऑफिसला येणारे सगळे मेसेज. साहेब म्हणाले, "लोक काय, वाट्टेल ते बोलतात." मी म्हणाले, "साहेब, समुद्राबद्दल बोलताना नाही." आणि लोकांच्या शब्दाला मी भरपूर वजन दिलं. जरा जास्तच भरपूर.

आता मावशी. माय मरो पण मावशी जगो अशी म्हण आहे, आणि माझ्या बाबतीत नेमकं तसंच झालं. मला वाढवलं, मारलं, शिकवलं ते मावशीने, आणि समुद्राकडच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात. घरापुढे अंगण, अंगणापुढे मांडीएवढी भिंत आणि भिंतीपुढे समुद्र. डाव्या हाताला खेळाचं मैदान. भिंत दर वर्षी मावशी स्वतः रंगवते आणि दर वर्षी समुद्र तो रंग चाटून जातो. तिची एकच इच्छा होती, आणि ती तिने मी शाळेत असल्यापासून बोलून दाखवली होती: माझ्या लग्नाचं जेवण त्याच अंगणात व्हायचं.

गाव येताजाता मला विचारायचं, बाई, तुमचा काळजीवाहू आमच्या घराबद्दल काय म्हणतो? मावशीने मात्र कधी विचारलं नाही. काही माणसं डॉक्टरची गल्ली टाळून लांबून जातात ना, तसं तिचं होतं. "माझ्या घराचा विषय त्याच्यापुढे काढायचा नाही," असं तिने मला बजावलं होतं. ती घाबरते हे मला माहीत होतं, आणि कशाला घाबरते तेही.

म्हणून गुरुवारी पडदा तांबडा झाला तेव्हा मी आधी तिचंच घर शोधलं. अख्खा किनारा हिरवागार, आणि मैदान नि त्याला लागून असलेली मावशीची गल्ली तेवढी लालभडक. रविवार, सकाळपासून दुपारपर्यंत.

"उधाण आहे खरं रविवारी," साहेब तक्ता बघत म्हणाले. "पण एवढं?"

"गुडघा काय म्हणतो?" मी विचारलं.

"गुडघा गप्प आहे." साहेबांनी तो पुढेमागे हलवून पाहिला. "पण तूच म्हणतेस ना, गुडघ्याचं ऐकू नका."

शेजारच्या खुर्चीत माझा होणारा नवरा बसला होता. त्याला सगळे पाणबुड्या म्हणतात. धक्क्याखाली पाण्याची उंची मोजणारी नळी आहे. तिच्यावर शिंपले चढतात, आणि ते खरवडायला तो महिन्यातून एकदा बुडी मारतो. आमचं प्रेम त्या नळीवरच्या भांडणातून जमलं, पण ते सांगायला बसले तर आज लग्न लागायचं नाही.

"मी कालच नळी साफ केली," पाणबुड्या म्हणाला. "पाण्याखाली तर सगळं निवांत आहे. मला नाही वाटत."

"तुला काय वाटतं त्याला कोण विचारतंय? आकडा बघ ना. सत्त्याण्णव टक्के!"

"अगं, आपलं जेवण आहे तिथे."

"म्हणूनच!" मी म्हणाले. मला खरंच तेच म्हणायचं होतं. दुसऱ्या कुणाचं लग्न असतं तर मी दोनदा तपासलं असतं, चारदा तपासलं असतं, नाकं मुरडली असती. पण हे माझं होतं. उद्या पाणी आलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईने स्वतःच्या लग्नासाठी लाट दडवून ठेवली. साहेबांच्या मनातही तेच आलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे न बघता इशाऱ्यावर सही केली.

मावशीला सांगायला मी संध्याकाळी गेले. ती स्टुलावर चढून अंगणावर कापडाचं छत बांधत होती. तोंडात सुतळी होती, त्यामुळे माझं सगळं ऐकून होईपर्यंत ती मध्ये बोलू शकली नाही. आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग तिने सुतळी काढली. "कंबरेएवढं?"

"हो."

"माझ्या कंबरेएवढं की तुझ्या?"

"मावशी, चेष्टा नको ना. डोंगरावर आमच्या नव्या घराशेजारच्या शाळेचं सभागृह मिळतंय. तिथे करू जेवण."

"तिथून समुद्र दिसतो?"

"दिसत नाही म्हणूनच तर!"

ती स्टुलावरून खाली उतरली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. मी त्याची तयारी करून गेले होते, उत्तरं पाठ होती. पण मावशी भांडली नाही. तिने छताची एकेक गाठ सोडायला घेतली आणि पाठमोरीच म्हणाली, "शेवटी त्याच्यापुढे माझ्या घराचा विषय निघालाच म्हणायचा." मला एवढं वाईट वाटलं की मी तिथून पळच काढला. शुक्रवारभर गल्ली रिकामी होत होती. गाद्या, पंखे, कुणाची शिलाई मशीन, कुणाचं फिशटँक. लोक मला बघून म्हणत होते, "लग्नाच्या शुभेच्छा हं," आणि डोक्यावर कपाट घेऊन चढण चढत होते.

शनिवारी सकाळी पाणबुड्याच्या आईचा फोन आला. काकू दुसऱ्या गावी राहतात आणि फोनवर नेहमी घाईत असतात.

"अगं, तुमच्याकडे रविवारी भरती आहे म्हणे?"

इशारा तिथवर पोचला म्हणून मला बरंच वाटलं. "हो काकू, मोठी आहे."

"मोठी ना? मग आमच्या भाच्याला आजच पाठवून देते."

"अहो, नका पाठवू! लांबच ठेवा त्याला."

"का गं? वशिला लागतो का?"

"वशिला कसला, काकू? भरतीपुढे कुणाचं काही चालतं का?"

"ते झालं. बरं, उंची किती धरलीय?"

"साडेचार मीटर."

"मीटर?"

"हो, मीटर."

"अगंबाई! एवढा उंच माणूस आणायचा कुठून? आमचा सगळ्यात उंच भाचा हा, आणि तो दारात वाकतो म्हणून आम्हाला कोण कौतुक! आणि छाती?"

"छातीपर्यंत येईलच असं नाही," मी धीर देत म्हणाले. "कंबरेपर्यंत नक्की."

"आता कंबरपण मोजायला लागले का?"

इथे माझ्या डोक्यात काहीतरी खट्‌कन वाजलं. "काकू, तुम्ही कुठल्या भरतीबद्दल बोलताय?"

"गोदीच्या! सुरक्षारक्षकांच्या! तुझ्या मावशीच्या शेजारच्या मैदानावर आहे ना धावायची परीक्षा? आणि तू कुठल्या बोलतेयस?"

मी फोन न ठेवताच धावत सुटले. काकू खिशातून "हॅलो, हॅलो" करत ऑफिसपर्यंत माझ्याबरोबर आल्या.

गोदीत माणसं घेणार आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही, गावभर पाट्या लागल्या होत्या. पण ती भरती वेगळी आणि ही भरती वेगळी. बोलणाऱ्याचा त्यात कधी घोटाळा होत नाही, म्हणून घोटाळा होऊ शकतो हे कधी कुणाच्या ध्यानातही येत नाही. काळजीवाहू मात्र वाचणारा होता. त्याने आठवडाभर काय काय वाचलं होतं ते मी उघडून बघितलं आणि खुर्चीवरून पडायची राहिले. रविवारी मैदानावर प्रचंड भरती. एवढी मोठी भरती पुन्हा होणे नाही. भरती जवळ आली, कुणी झोपू नका. आमच्या गल्लीतले सगळेच्या सगळे भरतीला उतरणार. आणि कुणा बापाने लिहिलं होतं: माझे दोन्ही मुलगे या भरतीत गेले की गंगेत घोडं न्हालं. काळजीवाहूने याचा अर्थ काय लावला असेल? दोन मुलगे वाहून गेले आणि घोडंही पाण्यात! त्या एका मेसेजवर त्याने मावशीच्या गल्लीचा रंग दोन पायऱ्या गडद केला होता.

"पण इतकी वर्षं त्याने हा शब्द वाचलाय," साहेब म्हणाले. "तेव्हा नाही घोळ झाला?"

मी जुनी उदाहरणं चाळली. कारण अगदी साधं निघालं. त्याला शिकवलेल्या दहा वर्षांत या गावात कुणी कुणाला नोकरीवर घेतलंच नव्हतं. भरती म्हटलं की पाणी, याखेरीज त्या बिचाऱ्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

मला हसू आलं, रडू आलं आणि मग आनंदाला असं उधाण आलं की मी साहेबांचे दोन्ही हात धरून गोल फिरले. गुडघ्यासकट! जेवण अंगणात होणार होतं. "आधी इशारा मागे घे," साहेब धापा टाकत म्हणाले, "थोडक्यात लिही. लांब मेसेज कुणी वाचत नाही." मी त्याच तारेत लिहिलं आणि अख्ख्या गावाच्या फोनवर धाडून दिलं: रविवारची मोठी भरती होणार नाही. नागरिकांनी निश्चिंत राहावे.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र आलं नाही.

चहा संपायच्या आत फाटकाबाहेर गलका सुरू झाला. खिडकीतून पाहिलं तर बनियन आणि धावायचे बूट घातलेली पन्नाससाठ माणसं, पोरीही तितक्याच, आणि गल्लीच्या तोंडातून आणखी धावतच येत होती. सराव चांगला झालेला दिसत होता.

"होणार नाही म्हणजे काय?" एकजण ओरडला. "सहा महिने पहाटे उठतोय मी!"

"आणि वर निश्चिंत राहा म्हणतात!" एक मुलगी म्हणाली. "घरी बाबा रडतायत माझे."

साहेब बाल्कनीत गेले. "शांत व्हा! तुमची भरती होणार आहे. आम्ही समुद्राची भरती रद्द केली."

खालचे एवढे सगळे लोक तोंड वर करून साहेबांकडे बघायला लागले.

"समुद्राची भरती," मघाचीच मुलगी सावकाश म्हणाली, "तुम्ही रद्द केलीत?"

"हो. सहीनिशी," साहेब म्हणाले.

मग जो हशा उसळला तो फाटकापासून बाजारापर्यंत पोचला असेल. पाणबुड्याने भिंतीवर चढून सगळा गोंधळ समजावून सांगितला, काकूंच्या साडेचार मीटरसकट, आणि लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसले. मीही हसले. इतकी हसले की मॉडेल पुन्हा चालवायचं राहूनच गेलं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

नोकरीचे मेसेज चाळून बाजूला काढले आणि काळजीवाहूला पुन्हा एकदा विचारलं. किनारा हिरवा झाला. मैदान हिरवं, गल्ली हिरवी. फक्त शेवटचं घर पिवळं राहिलं. रविवारी दुपारी, घोट्याएवढं पाणी, थोडा वेळ. मी मेसेज पूर्ण बंद करून पाहिले, तरी पिवळंच. दूर कुठेतरी उठलेल्या वादळाच्या लांब लाटा उधाणाच्या पाण्यावर बसून येणार होत्या, आणि मांडीएवढी भिंत त्यांना पुरणार नव्हती. या वेळी कुणाच्या नोकरीचा संबंध नव्हता.

पाणबुड्याने पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "सांगणार आहेस मावशीला?"

"कुठल्या तोंडाने सांगू? परवाच कंबरेएवढं सांगून तिचं छत उतरवून आले."

"मग नको सांगूस. घोट्याएवढंच तर आहे."

खरं सांगते, मोह झाला. पुन्हा जाऊन सांगायचं की थांबा हं, आता वेगळंच काहीतरी येतंय, यापेक्षा मला पाण्याखाली जाऊन शिंपले खरवडणं परवडलं असतं. पण मावशी त्याच अंगणात भाताची पातेली जमिनीवर मांडणार, विजेच्या वायरी फरशीवरून नेणार. आणि तसंही, तिला गप्प राहून आनंदात ठेवायचं असेल तर मग मी ऑफिसात बसून करते तरी काय?

मावशी शाळेच्या सभागृहात होती. खुर्च्यांच्या रांगा लावून झाल्या होत्या आणि मधल्या एका खुर्चीत ती एकटीच बसली होती, समोरच्या फळ्याकडे तोंड करून. फळ्यावर कुणीतरी बेडकाचं पोट चिरून दाखवलं होतं.

"यापुढे जेवायचं का लोकांनी?" ती म्हणाली.

मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. नोकरीची भरती, घोडं, काकूंचा भाचा. मावशी आधी गालातल्या गालात हसली, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. डोळे पुसत उठली आणि पहिली खुर्ची डोक्यावर उचलली. "चल! उचल! आपल्या घरी!"

"मावशी, थांब. अजून एक आहे."

"आता काय? हत्ती न्हाला?"

"पाणी येणारच आहे. कंबरेएवढं नाही. घोट्याएवढं, जेवणाच्या वेळेला, फक्त आपल्याकडे."

खुर्ची डोक्यावर घेऊन ती तशीच उभी राहिली. "हेही कुणाच्या नोकरीचं असेल."

"नाही गं. हे समुद्राचंच आहे. मी सगळं पुन्हा तपासलंय."

"परवा असंच म्हणालीस."

"परवा मी तपासलं नव्हतं. परवा मी नुसता विश्वास ठेवला होता."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. लहानपणी ताप आला की अशीच बघायची, खरा की शाळेला दांडी मारायचा. मग म्हणाली, "बरं. घोट्याएवढं ना? मग टेबलं उंच घेऊ, वायरी वरून नेऊ आणि बूट-चपला सगळ्यांच्या ओट्यावर. पण ऐक, गुडघ्याला लागलं तर तुझ्या त्या काळजीवाहूची काळजी वाहायला मी येईन." मला एवढा आनंद झाला की मी एका दमात चार खुर्च्या उचलल्या आणि दारात तीन पाडल्या.

साहेबांनी त्या दिवसातला शेवटचा मेसेज स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि पाठवला: शेवटच्या घराच्या अंगणात उद्या दुपारी समुद्राचं (नोकरीचं नव्हे) पाणी घोट्याएवढं. बाकी सर्वांनी खुशाल झोपावे.

रविवारी आम्ही लग्नाच्या कागदांवर सह्या केल्या. सही करताना पाणबुड्याने स्वतःचंच नाव चुकवलं. इतकी वर्षं पाण्याखाली बिनचूक काम करणारा माणूस, आणि कागदावर नाव लिहिता येईना! मग सगळे अंगणात जमलो. शेजारच्या मैदानावर शिट्ट्या वाजत होत्या आणि जे धावून मोकळे झाले होते ते भिंतीवर ओळीने येऊन बसले होते. काकूंचा भाचाही त्यात होता. उंचीत पास झाला होता, म्हणून काकू येईल त्याला साडेचार मीटरची गोष्ट सांगत होत्या. मावशीने सगळ्यांना अनवाणी केलं, साहेबांनासुद्धा. साहेबांनी पँट दुमडली आणि तो प्रसिद्ध गुडघा आम्ही पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला.

जेवण वाढायला घेतलं तरी भिंतीपलीकडे नुसता खळखळाट होता. लोक घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघायला लागले. पहिला घास संपला, दुसरा संपला. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुमचा पाहुणा उशिरा जेवतो वाटतं." मी हसले आणि घास हातातच धरून भिंतीकडे बघत राहिले. तेवढ्यात भिंतीवर बसलेली पोरं एकदम "आलं, आलं!" म्हणून उठली आणि तिच्या कडेवरून पाण्याची एक रुंद, शांत, चकचकीत पट्टी आत घसरली. पाठोपाठ दुसरी आली. अंगणभर पाणी पसरलं, टेबलांच्या पायांतून गेलं, ओट्याला लागलं आणि आमच्या पायांभोवती थंडगार येऊन थांबलं.

अख्ख्या अंगणाने किंकाळी फोडली. असली आनंदाची किंकाळी मी कुठल्या लग्नात ऐकली नाही. बायकांनी साड्या खोचल्या, काकू टेबलाला धरून नाचायला लागल्या, आणि माझा नवरा लग्नाच्या कपड्यांत खाली वाकून बोटांनी पाणी मोजत ओरडला, "घोट्याच्या वर चार बोटं!"

"चार बोटं चुकला," साहेब म्हणाले.

"लग्नाचं आहे, चालायचंच!" मी म्हणाले आणि हसत हसत तिथेच पाण्यात फतकल मारून बसले.

मावशी माझ्यापाशी आली. तीही हसत होती. तिने हात देऊन मला उठवलं, आणि हात सोडला नाही.

"तो खरं बोलतो म्हणजे," ती हळू आवाजात म्हणाली.

"आता बोलतो."

"मग विचारते. हे पाणी आज थोड्या वेळाने जाईल. जायचं नाही असं कधी येईल?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उत्तर माझ्याकडे कधीपासून होतं. एका दुपारी ऑफिसात कुणी नसताना मी तिच्या घराबद्दल विचारून घेतलं होतं आणि ते तसंच गिळून टाकलं होतं. आजूबाजूला लोक पाणी उडवत होते, आणि एवढ्या आनंदात हे सांगावं का, असं मनात आलं. पण तिने विचारलं होतं.

"बाराएक वर्षं, मावशी. मग अंगण जाईल. घरही."

"पंधरा म्हण."

"त्याच्याशी घासाघीस चालत नाही गं."

तिने माझा हात घट्ट दाबला. ओठ हलले, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि ती रिकाम्या स्टुलावर चढली.

"ऐका रे सगळे!" भिंतीवरच्या पोरांपासून काकूंपर्यंत सगळे वळले. "बारा वर्षं, दर वर्षी याच दिवशी, याच अंगणात जेवायचं आमंत्रण आहे सगळ्यांना. येताना चपला घालून येऊ नका. आणि तेराव्या वर्षी मी डोंगरावर हिच्या घरी, हिच्या डोक्यावर मिरे वाटायला राहायला जाणार आहे. हे साक्षीदारांसमोर सांगून ठेवते, मागाहून ही नाही म्हणेल!"